माशीचा डावा कोपरा

आमच्या इझेनमाटमध्ये रविवारी चर्चला गेलं नाही तर लोक सांभाळून घेतात. गाय व्याली असेल, म्हणतात. पण वार्षिक चांदमारीत नापास झालेल्या माणसाला गावात माफी नाही. सैन्यातून घरी आलेल्या प्रत्येक पुरुषाने वर्षातून एकदा आपली बंदूक घेऊन नेमबाजी मंडळाच्या मैदानावर जायचं, तीनशे मीटरवरच्या निशाणावर ठरलेल्या गोळ्या झाडायच्या आणि किमान गुण मिळवायचे, अशी आमच्याकडची सक्ती आहे. बहुतेक जण दुपारच्या झोपेआधी हे काम उरकून येतात. त्या वर्षी गावात नापास झालेला एकच माणूस होता आणि तो मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवेच्या खालच्या स्टेशनवर कामाला गेलो, तर भिंतीला कुणीतरी गोठ्याचं अख्खं दार टेकवून ठेवलेलं. त्यावर चुन्याने मोठा गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "कास्पर, एवढं जमेल का?" मी चिडून ते दार ओढ्यात ढकलायला निघालो, पण एकट्याला उचलेना. मग दिवसभर जो कोणी पाळण्यात बसून वर गेला तो ते दार बघून हसून गेला. त्यात पाद्रीबुवासुद्धा होते.

मी मूळचा खालचा, सपाटीवरचा. लग्न करून डोंगरात आलो आणि बायकोच्या घरी राहिलो, म्हणजे सरळ भाषेत घरजावई. तेही कुणाकडे, तर क्लेमेन्सच्या घरी. माझा सासरा क्लेमेन्स हा आमच्या खोऱ्यातला सगळ्यात नावाजलेला नेमबाज. मी त्याला फोटोतच पाहिलं. तो गेल्यावर त्याची बंदूक आणि मंडळातली त्याची जागा माझ्या सासूबाईंनी, ओटिलियाने घेतली. युद्धाच्या वर्षांत पुरुष सीमेवर होते तेव्हा गावातल्या काही बायकांनी बंदुका हातात घेतल्या होत्या. युद्ध संपल्यावर बाकीच्यांनी त्या खाली ठेवल्या, हिने ठेवली नाही. अशा घरातला जावई नापास झाला म्हटल्यावर गावाला वर्षभराची करमणूक मिळाली.

सासूबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत, याचाच मला जास्त राग येत होता. शहरात नापासांच्या वर्गाला जाऊन आलो, तिथल्या सार्जंटच्या शिव्या खाल्ल्या, कसाबसा पास झालो, तरी त्या गप्पच. मग फेब्रुवारीत, चर्चमध्ये मेणबत्त्या मंत्रून देतात त्या दिवशी, त्या घरी आल्या, कोट न काढता माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमची बंदूक आणा खाली."

मी आणली. त्यांनी ती उचलून पाहिली आणि आपल्या खुर्चीला टेकवून ठेवली. मग क्लेमेन्सची बंदूक माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तू वापर. तुझी मी घेते. ही जड झाली मला."

"आई, दोन्ही एकाच कारखान्यातल्या आहेत. वजनात काडीचा फरक नाही."

"तुला काय कळतं बंदुकीतलं? कळत असतं तर दारावर गोल काढला असता का लोकांनी?"

माझी बायको तेरेस चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते, म्हणजे हसत होती. मी बंदूक घेतली.

सासूबाईंनी मंत्रलेली मेणबत्ती पेटवली आणि बंदुकीच्या नळीचं टोक तिच्या धुरावर धरलं. टोकाला पुढची माशी असते, तासलेल्या दातासारखा एक लहानसा लोखंडी उंचवटा. ऊन पडलं की ती चमकते आणि चमकली की नेम चुकतो, म्हणून आमच्याकडे ती काजळीने काळी करतात. बाकीचे लोक कुठलीही मेणबत्ती वापरतात. वादळात विजेपासून घर वाचावं म्हणून दिलेली मेणबत्ती ही बाई बंदुकीला लावते, यावरून पाद्रीबुवांनी तिला दोनदा टोकलं होतं. "वादळात मी घाबरत नाही, चांदमारीत घाबरते," असं तिने त्यांना सुनावलं होतं म्हणे. काजळी धरल्यावर सासूबाईंनी माशीच्या कडेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं, जरा थांबल्या, आणि बंदूक मला दिली.

शिकवणी सुरू झाली ती गवताच्या माळ्यावर. गोळ्या नाहीत. मी पालथा पडायचो, माळ्याच्या दारातून नळी बाहेर काढायचो आणि ओढ्यापलीकडच्या गोठ्याच्या फळीवरच्या गाठीवर नेम धरायचो. सासूबाई बाजूला पेंढीवर बसून मोजे विणायच्या.

"काय दिसतं?"

"गाठ दिसते. एकदम स्वच्छ. तिच्या कडेची चीरसुद्धा दिसते, आई."

"मग ऊठ. जा, कॉफी पिऊन ये."

"का? चुकलं काय?"

"गाठ तिथं तुझ्या आज्याच्या वेळेपासून आहे. तू मेलास तरी राहील. ती कुठं पळून जाते का? पळते ती माशी. तिच्याकडे बघायचं सोडून गाठीची चीर कसली बघतोस?"

आता ज्यांनी कधी बंदूक धरली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. डोळ्याजवळ मागची खाच असते, नळीच्या टोकाला माशी असते आणि दूरवर निशाण असतं. तिन्ही एका रेषेत आणायची. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं नीट बघू शकतो, बाकीचं धूसर होतं. शहाणा नेमबाज माशी लख्ख बघतो आणि निशाण धूसर राहू देतो. ऐकायला सोपं आहे. पण ज्याला मारायचं त्याच्याकडेच बघायचं नाही, हे माझ्या स्वभावाला मानवेना. मी रोपवेवर काम करणारा माणूस. पाळणा खालून सुटला की माझी नजर वरच्या स्टेशनवर, पोचला की नाही इकडे. भात शिजायच्या आधी झाकण उघडणाऱ्यांतला मी. गोळी सुटली की डोकं वर करून निकाल बघणार, आणि डोकं वर करायची घाई गोळी सुटायच्या आधीच मानेत शिरायची.

"माशीवर काय दिसतं?" त्या रोज विचारायच्या.

"काळी दिसते."

"नुसती काळी?"

"तुम्हीच काळी केलीत, आता हिरवी कशी दिसेल?"

"बरं," म्हणायच्या आणि सुई पुढे चालायची. त्या 'बरं' मध्ये काहीतरी राहून जायचं. मला वाटायचं, आपल्याला अजून काही येत नाही म्हणून नाराज आहेत.

नळीच्या टोकाशी त्या रिकामं काडतूस उभं करून ठेवायच्या. चाप ओढला आणि काडतूस पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "शेळीच्या दुखऱ्या सडाला हात लावतोस तसा लाव. आधी ढिलेपणा काढून घे, मग थांब, मग वाढवत जा. कधी सुटलं ते तुझं तुलाही कळता कामा नये." महिनाभर मी पेंढ्यात काडतुसं शोधत होतो. तेरेस वरून गवत टाकायला आली की विचारायची, "आज किती बकऱ्या दुखावल्यास?"

बर्फ वितळल्यावर मैदानावर गेलो. तिथे आणखी एक भानगड. निशाणाखालच्या खड्ड्यात माणसं बसलेली असतात. ती निशाण खाली ओढून भोक बघतात आणि लांब काठीच्या टोकाला लावलेल्या थाळीने भोक कुठं पडलं ते दाखवतात. भोक पडलंच नसेल तर थाळी डावी-उजवी हलवतात आणि सगळं गाव ते बघतं. पण थाळी वर यायच्या आधी सासूबाई मला विचारायच्या, "सांग, कुठं गेली?"

"मध्ये असेल."

"असेल नको. चाप सुटला तेव्हा माशी कुठं होती?"

"नाही सांगता येत."

"मग ती गोळी तू नाही मारलीस. बंदुकीने मारली."

हे मला लागलं. नंतर हळूहळू सांगता यायला लागलं. "उजवीकडे, जरा वर," मी म्हणायचो आणि थाळी उजवीकडे वर लागायची. भोक मध्यभागी पडलं नाही तरी त्याचा आनंद वेगळाच होता. आपलं चुकलेलं आपल्याला आधी कळतं, ही गोष्ट मला तोवर आयुष्यात कधी जमली नव्हती. मे महिना सरता सरता माझ्या गोळ्या एका टोपीखाली झाकता येतील इतक्या जवळ पडायला लागल्या. कुणीतरी ते गोठ्याचं दारही गुपचूप परत नेलं.

इथेच पंचाईत झाली. शरदात सरोवराकाठच्या कुरणावर मोठी चांदमारी असते. प्रत्येक गावाचे आठ जण जातात, त्याहून एक जास्त नाही. त्या आठांत नाव असणं म्हणजे आमच्याकडे चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसण्यासारखं. सात जागा ठरलेल्या होत्या. आठवी जागा क्लेमेन्सची होती आणि तो गेल्यापासून ओटिलियाची. पण गेल्या शरदात तिच्या दोन गोळ्या निशाणाला लागल्याच नव्हत्या. थाळी दोनदा डावी-उजवी हलली होती, इतर सगळ्या गावांसमोर.

मंडळाचा अध्यक्ष डोमिनिक, लाकडाच्या वखारीचा मालक. माणूस वाईट नाही. खानावळीत सासूबाई पत्ते खेळत बसल्या होत्या, तिथे तो टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"ओटिलियाकाकू, एक बोलायचं होतं. आठव्या जागेचं."

"बोल की. टोपी फाडू नको."

"पोरं म्हणतात, जूनमधल्या मैदानी चांदमारीत तुमच्यात आणि कास्परमध्ये जो जास्त गुण घेईल, त्याला न्यावं. म्हणजे कुणाचं मन..."

"पोरं म्हणतात की तू म्हणतोस?"

डोमिनिकने खाली बघितलं. "मी म्हणतो, काकू."

"मग असं सरळ बोलावं. ठीक आहे. जो जास्त मारेल तो जाईल." त्यांनी हातातला एक्का टाकला आणि डाव उचलला. मी शेजारच्या टेबलावर होतो. बिअरचा पेला माझ्या हातात तसाच राहिला.

मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? त्या दारावरचा चुन्याचा गोल अजून माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि आठांत नाव लागलं असतं तर तो कायमचा पुसला गेला असता. पण ज्या बाईने तीन महिने पेंढीवर बसून मला माणसात आणलं, तिच्याच हातातून ती जागा काढून घ्यायची, याची मला लाज वाटत होती. तेरेसने माझ्या मनातलं ओळखलं. गाईचं दूध काढता काढता म्हणाली, "मुद्दाम चुकायचा विचार असेल तर आत्ताच सोडून दे."

"मी कुठं म्हटलं तसं?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय. आईला कळेल, कास्पर. तुझी प्रत्येक गोळी कुठं जाते ते तिला तुझ्याआधी कळतं. तिची जागा गेली तर ती दोन दिवस रुसेल. तू दान म्हणून दिलीस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. आणि मीही बोलणार नाही."

सासूबाई मात्र त्यानंतर जास्तच कडक झाल्या. स्वतःचा सराव कमी करून मला शिकवायला लागल्या. "भराभर मारायच्या फेरीत तू घाबरतोस," त्या म्हणाल्या. "मिनिटभरात सहा गोळ्या, म्हणजे भरपूर वेळ असतो. निशाण विसर. नुसती माशी." त्यांचं काय चाललंय ते मला समजत नव्हतं. आपलीच जागा घालवायला ही बाई एवढी का धडपडते?

मैदानी चांदमारीचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. कापलेल्या कुरणात चटया अंथरल्या होत्या. ओढ्यापलीकडे कड्याखाली निशाणं ओळीने उभी. मैदानी चांदमारीत निशाण काळंपांढरं नसतं, करडं-हिरवं असतं, गवतात मिसळून जाणारं. वर फक्त पांढरा आकडा. मला चार नंबर मिळाला आणि माझ्या उजव्या हाताला पाच नंबरवर सासूबाई. अर्थात हे डोमिनिकनेच जुळवून आणलं होतं. चटयांमागे अर्धं गाव हातात सॉसेज घेऊन उभं होतं.

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मेणबत्ती काढली, माझी माशी काळी केली, कडेवरून नख फिरवलं. स्वतःची करायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

पहिल्या फेऱ्या एकेका गोळीच्या. मी नीट मारत होतो, त्याही. थाळ्या वर येत होत्या, मागून लोक कुजबुजत होते. मी कुणाकडे बघितलं नाही. मुद्दाम चुकायचा विचार मी खरंच सोडून दिला होता, पण जिंकायचाही विचार करवत नव्हता, त्यामुळे डोकं कधी नव्हे इतकं रिकामं झालं होतं. शेवटची फेरी सहा गोळ्यांची, एका मिनिटाची. शिट्टी वाजली.

त्या मिनिटात मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पहिली गोळी गेली, पुढचं काडतूस भरायला बंदुकीचा खटका मागे ओढला, पुढे ढकलला, दुसरी गेली. आवाज लांब गेले. निशाण नुसता एक करडा डाग झाला. आणि माशी मात्र अशी जवळ आली, की जणू मी ती चिमटीत धरली होती. तिची वरची धार दिसत होती. डावा कोपरा मला जरा कमी भरल्यासारखा वाटला, तिथून उजेड आत येत होता. काजळी उडाली असेल, असं मनात आलं आणि गेलं. सहावी गोळी सुटली तेव्हा मला खरंच कळलं नाही, आणि तरी माशी कुठं होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मध्ये. अगदी मध्ये.

निशाणं खाली गेली, वर आली. माझ्या निशाणावर थाळी पाच वेळा लागली आणि मग डावी-उजवी हलली. मागे हशा पिकला. मला काही समजेना. तेवढ्यात पाच नंबरवर थाळी लागत राहिली. तीन, चार, पाच, सहा. आणि सातवी, बरोबर मधोमध.

झालं होतं असं. खटका जोरात ओढला की अंग जरासं सरकतं. दर गोळीआधी वरचा आकडा बघून खात्री करून घ्यायची असते. मी माशीत इतका बुडालो होतो, की आकड्याकडे नजर नेलीच नाही. माझी सगळ्यात चांगली गोळी मी सासूबाईंच्या निशाणावर मारून मोकळा झालो होतो.

आमच्या मंडळाचा अशा वेळचा नियम साधा आहे. ज्याने चुकीच्या निशाणावर मारली त्याला त्या गोळीचं शून्य. ज्याच्या निशाणावर भोकं जास्त, त्याची चांगली तेवढी सहा मोजायची. डोमिनिकने बेरीज केली आणि हात वर करून ओरडला, "आठवी जागा ओटिलियाकाकूंची!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते माझ्यावर तुटून पडले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी डोळा मारला. खानावळवाला म्हणाला, "घरजावई असावा तर असा! सासूच्या खात्यात टाकली पठ्ठ्याने!" मी सांगत होतो, अरे चुकून गेली, चुकून. ते आणखी हसत होते. "चुकून, हो, चुकून! आम्ही कुणाला सांगत नाही!"

सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी मला दंडाला धरून काडतुसांच्या पेट्यांमागे नेलं. "मला भीक घातलीस?"

"आई, नाही हो."

"सगळ्या गावासमोर? माझ्या नवऱ्याच्या बंदुकीने?"

"तुम्ही ऐकून तरी घ्याल का?"

"काय ऐकू? आंधळी म्हातारी आहे, तिला टाका एक तुकडा, असंच ना? तीन महिने याच्यासाठी शिकवलं तुला?"

माझंही डोकं फिरलं. मी ओरडलो, इतका की केक मांडून बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. "मला आकडा दिसलाच नाही! दिसणार कसा? तुम्हीच रोज म्हणायचात ना, निशाण विसर, माशी बघ? बघितली माशी! आणि ती माशी तरी कुठं धड आहे? डावा कोपरा उडालाय तिचा! एवढा मोठा नेमबाज म्हणे, आणि फुटकी माशी घेऊन फिरत होता!"

दंडावरचा हात सुटला.

"काय म्हणालास?"

"डावा कोपरा. वरचा." माझा आवाज खाली आला. "कानस घसरल्यासारखा तिरका गेलाय. अगदी केसाएवढा. मला आधी वाटलं, काजळी उडाली."

सासूबाई पेटीवर बसल्या. मग विचारलं, "कधी दिसला?"

"शेवटच्या फेरीत. त्याआधी कधीच नाही."

त्यांनी मान हलवली, पदर झटकावा तसा एप्रन झटकला आणि सरळ डोमिनिकच्या टेबलाकडे गेल्या. मी मागोमाग. "मधलं भोक माझं नाही," त्या म्हणाल्या. "माझी शेवटची गोळी डावीकडे खाली गेली. सुटतानाच खांद्याला कळलं. ते धर."

"काकू, नियम आहे..."

"नियम तुझा असेल. भोक माझं नाही. माझी सहा धर आणि बेरीज कर."

डोमिनिकने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बेरीज केली, हळूहळू. माझ्या शून्यासकट मी एका गुणाने पुढे होतो. मागे आता कुणी हसत नव्हतं. "मग जागा कास्परची," डोमिनिक म्हणाला, आणि सासूबाई म्हणाल्या, "हो. आणि तो आकडे बघायला शिकेल. ते काही अवघड नाही."

घरी जाताना पाळण्यात आम्ही दोघंच होतो. वरच्या स्टेशनवर त्या दिवशी तेरेस होती, तिने दोर सोडला आणि पाळणा दरीवरून हलत हलत निघाला. दोन्ही बंदुका आमच्या गुडघ्यांमध्ये उभ्या होत्या. मला जिंकल्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. मी म्हटलं, "आई, सरोवराला तुम्ही जा. मी डोमिनिकला सांगतो."

"मूर्खासारखं बोलू नको. तिथे जाऊन काय बघू मी?"

त्यांनी क्लेमेन्सची बंदूक माझ्याकडून घेतली आणि माशीवर अंगठा ठेवला.

"आमचं लग्न झालं त्या वर्षी हा स्वयंपाकघरात बसून माशी घासत होता. मी गोठ्यातून हाक मारली, ऐकलंस का, वासरू अडलंय. हा दचकला आणि कानस घसरली. कोपरा गेला. नवी माशी बसवून घे म्हटलं, तर नाही म्हणाला. जन्मभर मला ऐकवत राहिला. गोळी जरा डावीकडे गेली की म्हणायचा, ओटिलियाने हाक मारली." त्या थोड्या हसल्या. "तो गेल्यावर दर वेळी नेम धरला की तो कोपरा दिसायचा. मला बरं वाटायचं."

पाळणा मधल्या खांबावरून खडखडत गेला. मग त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, मला तो दिसत नाही. आधी वाटलं, काजळी जास्त झाली. मग वाटलं, झिजून गेला असेल. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू आहे. डॉक्टरचं मला खरं वाटेना. म्हणून तुला दिली बंदूक. रोज विचारायची, काय दिसतं. आणि तू आपला रोज, काळी, काळी."

"मला विचारायचं तरी सरळ, डाव्या कोपऱ्याला काही आहे का म्हणून."

"मी सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास. तू फार चटकन हो म्हणतोस, कास्पर."

खाली ओढा दिसत होता आणि कुरणातल्या चटया गुंडाळणारी माणसं मुंग्यांएवढी झाली होती. मी फक्त म्हणालो, "आहे तो, आई. तिथंच आहे."

"हो. कळलं आज." त्यांनी बंदूक परत माझ्या गुडघ्यांमध्ये ठेवली. मग एप्रनच्या खिशातून मंत्रलेल्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली.

"आता तूच धरत जा धूर. आणि फार काळी करू नकोस. कोपरा भरून जाईल."